डासाच्या पोटातले दहा दिवस

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता आपल्या धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्ग, उमरगा करीत पुढे जातो. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहिला नाही असा माणूस या जिल्ह्यात विरळाच. पण त्याच रस्त्याने नीट पुढे हैदराबादेपर्यंत गेलात, तर सिकंदराबादेच्या वाटेवर बेगमपेठ लागते. तेथे जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे. ती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. त्या ठिकाणी २० ऑगस्ट १८९७ रोजी एका लष्करी डॉक्टराने एका डासाचे पोट फाडून पाहिले, आणि हजारो वर्षे माणसाला छळणाऱ्या हिवतापाचे कोडे तेथे सुटू लागले.

आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि सिकंदराबाद ही त्याच राज्यातली इंग्रजांची छावणी. म्हणजे ही कथा काही सातासमुद्रापलीकडची नाही. कोर्टकचेरीला आणि पुढे शिक्षणालाही आपली जुनी माणसे ज्या हैदराबादेस जात, तिच्याच शिवेवर घडलेली ही घटना आहे.

तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला डासाची चौकशी कशाला? त्याचे उत्तर असे, की ही सगळी हकीकत तारखांची आहे. डासाने हिवताप्याचे रक्त कोणत्या दिवशी घेतले, आणि कितव्या दिवशी त्याचे पोट उघडले, यावर सारे अवलंबून होते. शिवाय शाळेत आपण मुलांकडून घोकून घेतो की ‘डास चावला की हिवताप होतो’. हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. आज हिवतापाच्या रोग्याला चावलेला डास उद्या तुम्हांला चावला, तर त्याच्यापासून तुम्हांला हिवताप होत नाही. परवा चावला तरी नाही. मध्ये निदान आठदहा दिवस जावे लागतात. ते दिवस तो जंतू डासाच्या पोटात काय करतो, हेच तर कोडे होते.

हिवताप आपल्याला नवा नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला विषमज्वर म्हटले, आणि पाळीप्रमाणे त्याचे तृतीयक, चतुर्थक असे भेदही केले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ही संस्कृत नावे ठाऊक नसतील, पण ‘पाळीचा ताप’ म्हटले की त्यांना लगेच कळते. एक दिवस हुडहुडी भरते, चार घोंगड्या घातल्या तरी थंडी जात नाही. मग अंग भाजते, घाम फुटतो आणि ताप उतरतो. दुसरा दिवस बरा जातो, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, पुन्हा तीच हुडहुडी. युरोपातल्या लोकांना वाटे की हा ताप दलदलीतल्या खराब हवेने येतो. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. दलदल आणि ताप यांचा संबंध त्यांनी बरोबर ओळखला होता. चुकले ते एवढेच, की दोघांच्या मध्ये हवा नव्हती, डास होता.

१८८० साली अल्जीरियात लाव्हराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक जिवंत जंतू दिसला. त्याच्या अंगात काळे बारीक कण होते आणि अंगातून चाबकासारखे धागे बाहेर पडून वळवळत होते. त्या वळवळीवरूनच ही जिवंत वस्तू आहे अशी लाव्हराँची खात्री पटली. पुढे इटलीतल्या गोल्जीने पाळीचे गणित सोडवले. हा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरून वाढतो, फुटतो, आणि असे असंख्य जंतू एकाच वेळी फुटले म्हणजे हुडहुडी भरते. जंतू कळला, तापही कळला. पण एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात तो जातो कसा, हे कोणालाच सांगता येईना.

लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन म्हणून एक डॉक्टर होते. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे त्यांनी चीनमध्ये असताना दाखवून दिले होते. हिवतापातही डासच असावा असा त्यांचा तर्क होता. मात्र डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर अंडी घालून तेथेच मरतो, आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो, अशी त्यांची कल्पना होती. शहाणा माणूस निम्मे बरोबर आणि निम्मे चूक सांगतो तेव्हा शिष्याचे हाल होतात, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

तो शिष्य म्हणजे रोनाल्ड रॉस. रॉसचा जन्म १८५७ साली आपल्याच देशात, अलमोड्याला झाला. बाप इंग्रजी फौजेत अधिकारी. मुलाला कविता आणि गणित यांचा नाद, पण बापाच्या इच्छेखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ साली सरकारी वैद्यकीय नोकरीत आला. १८९४ साली रजेवर लंडनला गेला असता मॅन्सनने त्याला रक्तातला जंतू डोळ्यांनी दाखवला. तेथून रॉसला एकच ध्यास लागला.

१८९५ साली तो सिकंदराबादेत पलटणीवर रुजू झाला आणि डास पकडून रोग्यांच्या अंगावर सोडू लागला. डास रक्त पिऊन टम्म झाले की त्यांना चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, असा क्रम चालला. मॅन्सनच्या सांगण्यावरून त्याने मेलेल्या डासांचे पाणी काही लोकांना पाजूनही पाहिले. आज कोणी असे केले तर त्याला तुरुंगात जावे लागेल! निष्पन्न मात्र काही झाले नाही. मध्येच त्याला पटकीच्या बंदोबस्तासाठी बंगलोरला धाडले, तेथे जवळजवळ दोन वर्षे गेली. मग रजा काढून तो नीलगिरीकडच्या तापाच्या मुलखात हिंडला आणि स्वतःच हिवतापाने आजारी पडला.

अपयशाचे कारण आज आपल्याला साधे वाटते. घरात सहज सापडणारे करडे आणि पट्टेरी डास तो वापरत होता, आणि माणसाचा हिवताप त्या जातीच्या डासांत वाढतच नाही. डास म्हणजे डास, त्यांत जाती कसल्या, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे.

१८९७ च्या उन्हाळ्यात रॉस पुन्हा सिकंदराबादेस आला. आपल्याकडे हे साल वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. पुण्यात प्लेगचा कहर झाला होता आणि २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. त्याच दिवसांत इकडे बेगमपेठेच्या लष्करी दवाखान्यात रॉस घाम गाळीत बसला होता. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, उरलेली एकच काच तडकलेली होती, आणि पंखा हलवावा तर चिरलेला डास उडून जाई, म्हणून त्या उकाड्यात वाराही घेता येत नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या माणसांनी कुठूनशा डबक्यातून वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून निघालेले डास तपकिरी होते, त्यांच्या पंखांवर ठिपके होते. दवाखान्यात हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी होता. १६ ऑगस्टला त्याला मच्छरदाणीत निजवून हे डास आत सोडले. दर डासामागे एक आणा असा त्याचा ठराव होता. दहा डास चावले, हुसेन खानाला दहा आणे मिळाले. एवढ्या मोठ्या शोधात आपले रक्त देणाऱ्या माणसाचे नाव इतिहासात टिकले, ते रॉसने ते टिपून ठेवले म्हणून. नाहीतर अशा कामात साहेबाचे नाव राहते आणि ‘एक देशी रोगी’ एवढाच दुसऱ्याचा उल्लेख येतो.

आता तारखा पाहा. काही डास त्याने आधीच्या दिवसांत चिरले, काही मरून गेले. २० ऑगस्टला, म्हणजे रक्त प्यायल्यानंतर चौथ्या दिवशी, मोजकेच उरले होते. दुपारी त्यांतल्या एकाचे पोट तो पाहत होता. सगळे पाहून झाले, आता फक्त जठराची भिंत उरली. तेथे त्याला काही गोल पेशी दिसल्या. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या बारा भागांएवढी त्यांची रुंदी. डासाच्या जठरात तशा पेशी असायचे कारण नव्हते. आणि त्यांच्या आत काळे कण होते, माणसाच्या रक्तातल्या जंतूत दिसतात अगदी तसेच. जंतू तांबड्या पेशीतला रंग खातो, त्याची न पचलेली राख म्हणजे हे कण.

दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, त्याने शेवटचा डास चिरला. त्यातही त्या पेशी होत्या, आणि त्या कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. माझ्या मते खरा शोध येथे आहे. पहिल्या दिवशी त्याला वस्तू दिसली, दुसऱ्या दिवशी ती वाढताना दिसली. जी वस्तू एका रात्रीत वाढते ती जिवंत असते. डास नुसता जंतूची ने-आण करणारा हमाल नव्हता. जंतू त्याच्या अंगात बिऱ्हाड करून वाढत होता.

पुढे काय होते हे आज आपल्याला पुरते माहीत आहे, ते येथेच सांगून टाकतो. माणसाच्या रक्तातले काही जंतू नर आणि मादी अशा रूपांत येऊन डासाची वाट पाहत राहतात. डासाने त्यांना ओढून घेतले नाही तर ते तसेच मरतात. डासाच्या पोटात रक्त जरा निवले की पंधरावीस मिनिटांत नराच्या अंगातून चाबकासारखे धागे सुटतात. लाव्हराँने पाहिले होते तेच हे धागे. ते नराचे बीज आहे, हे १८९७ सालीच मॅक्कॅलम नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने पक्ष्याच्या रक्तात ओळखले. नरमादीचा संयोग झाला की दिवसाभरात अळीसारखा सरकणारा एक जीव तयार होतो. तो जठराच्या भिंतीतून पार होऊन बाहेरच्या अंगाला चिकटतो आणि तेथे त्याची गाठ बनते. रॉसने पाहिली ती हीच. गाठ फुगत जाते, तिच्या आत सुईसारखे हजारो बारीक जंतू तयार होतात, आणि एके दिवशी ती फुटते. सुटलेले जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात. डास चावताना आधी लाळ सोडतो. त्या लाळेबरोबर ते आपल्या अंगात येतात.

या सगळ्याला ऊब लागते. सुमारे पंचवीस अंश उष्णतामानात दहाबारा दिवस पुरतात, थंडी असेल तर जास्त लागतात, आणि फारच गारठा असेल तर जंतूची वाढ थांबते. आपल्याकडे पाऊस उघडताना, भाद्रपद-आश्विनात, ऊब असते, हवा दमट असते, डबकी भरलेली असतात. तापाचा हंगाम तेव्हाच का येतो, हे यावरून ध्यानात येईल.

रॉसला मात्र हे शेवटपर्यंत पाहू दिले नाही. शोध लागून महिना उलटतो न उलटतो तोच त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली. तेथे हिवतापाचे रोगीच मिळेनात. बदलीच्या हुकमाने चाललेले काम मोडणे ही सरकारी रीत तेव्हाही होती, असे म्हणायला हरकत नाही. १८९८ च्या आरंभी त्याला कलकत्त्यास काम करायची परवानगी मिळाली. पण प्लेगच्या टोचणीने लोक इतके धास्तावले होते, की बोटाला सुई लावू म्हटले तरी पळत सुटत. मग रॉस चिमण्यांकडे वळला. पक्ष्यांनाही त्यांच्या जातीचा हिवताप होतो, आणि तो करड्या डासांत वाढतो. महंमद बक्ष नावाच्या मदतनिसाला हाताशी धरून त्याने हे काम केले. जुलै १८९८ मध्ये गाठीतून सुटलेले जंतू लाळेच्या ग्रंथीत जाताना त्याला सापडले, आणि अशा डासांनी चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. पाणी नव्हे, हवा नव्हे, डासाचा दंश! त्याच वर्षी ग्रासी आणि त्याच्या इटालियन सोबत्यांनी माणसाचा जंतू ॲनॉफिलीस जातीच्या डासात अथपासून इतिपर्यंत वाढताना दाखवला. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रासी यांचे जन्मभर हाडवैर राहिले. नोबेल पारितोषिक १९०२ साली एकट्या रॉसला मिळाले, लाव्हराँला १९०७ साली.

आता त्या दहा दिवसांचा हिशेब करू. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडायला हरकत नाही. समजा, रोग्याचे रक्त प्यालेले हजार डास आहेत आणि रोज दहांतले आठ जगतात. पहिल्या दिवसाअखेर आठशे, मग सहाशे चाळीस, असे करीत दहाव्या दिवशी सुमारे एकशे सात उरतात. रोग देऊ शकतात ते हेच म्हातारे डास. आता काही उपाय करून रोज दहांतले सहाच जगतील असे केले. मग सहाशे, तीनशे साठ, दोनशे सोळा, आणि दहाव्या दिवशी उरतात फक्त सहा. रोजच्या मरणात फरक थोडा, पण दहाव्या दिवशी एकशे सातांचे सहा! गावातला प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. त्याला म्हातारा होऊ दिला नाही की झाले. एका ठरावीक मर्यादेखाली डास आणले तर रोग आपोआप ओसरतो, हे सूत्र गणिताच्या नादी रॉसनेच पुढे मांडले होते.

डासाची मादी दोनतीन दिवसांनी एकदा रक्त पिते. पोट भरले की तिला उडवत नाही. जवळच्या भिंतीवर, गोठ्यात, आढ्याच्या अंधारात ती विसावते. म्हणजे दहा दिवसांत तिला चारपाच वेळा भिंतीवर बसावे लागते. भिंतीवर विष असेल तर प्रत्येक वेळी तिचे मरण जवळ. डीडीटीच्या फवारणीमागचे सारे तत्त्व एवढेच आहे. मुंबई इलाख्यातल्या धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत स्वातंत्र्याच्या आधीच ती करून पाहिली गेली. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली निर्मूलनाचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एका लाखावर आली. एवढे यश आपल्या देशात क्वचितच कोणत्या कामाला मिळाले असेल. मग ढिलाई आली, डासांना डीडीटी सोसू लागली, आणि १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. अलीकडच्या वर्षांत हा आकडा दोन लाखांच्या आसपास असतो. आपल्या राज्यात त्याचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगल भागावर आहे.

फवारणीवाले घरात आले म्हणजे काय होई, ते माझ्या आजीकडून ऐकले आहे. भांडीकुंडी, अंथरुणे, धान्याच्या कणग्या अंगणात काढाव्या लागत. देवघरात त्यांना पाऊल टाकू देत नसत. भिंतीवर पांढरे डाग पडत आणि घरभर वास राही. आणि मग महिन्यादोन महिन्यांत घट बसायचे दिवस येत. तुळजापूरच्या आईचे नवरात्र म्हणजे आपल्या जिल्ह्यात घर स्वच्छ झालेच पाहिजे. आजी पांढऱ्या मातीचा पोतेरा कालवून साऱ्या भिंती आतून सारवून घेई. ते डाग तिच्या डोळ्यांना खुपत. विष भिंतीवर काही महिने पुरायचे, पण ते पोतेऱ्याखाली गेले, आणि तेही नेमक्या तापाच्या हंगामात. आमच्याच घरी असे झाले असे नाही. सारवलेल्या भिंतीखाली औषध वाया जाते, ही तक्रार फवारणीच्या कामात सगळीकडेच असे. पण डास भिंतीवर बसतो आणि त्याच्या पोटात जंतू दहा दिवस पिकतो, हे आजीला कोणी सांगितलेच नव्हते. ‘डास मारायला आलोय’ एवढेच सांगितले. डास तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसत. तिने काय समजावे?

माझे थोरले चुलते आठ वर्षांचे असताना दसऱ्यानंतर तापाने गेले. कोयनेलच्या गोळ्या दिल्या होत्या, असे आजी सांगे. तो हिवतापच होता असे कोणी कागदावर लिहून ठेवलेले नाही, आणि पोतेऱ्याशी त्याचा संबंध जोडणे बरोबर होणार नाही. मी तिच्यापाशी तो कधी जोडलाही नाही.

फवारणी झाली की ते लोक दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर एक चौकोन काढून त्यात तारीख घालीत. आजी वर्षानुवर्षे बाहेरची भिंतही सारवी, पण तो चौकोन तेवढा हात फिरवून सोडून देई. सरकारी अक्षर आहे, पुसू नये, असे ती म्हणे.